टॉमी जॉन हे डॉक्टर नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अलीकडेच जपानी बेसबॉलपटू शोहेई ओतानीविषयी आलेला मजकूर आवडीने वाचला. बेसबॉलला आपल्याकडे मराठी वृत्तपत्रांत जागा मिळणे ही दुर्मीळ गोष्ट असल्याने आधी त्याबद्दल आभार. मात्र त्या मजकुरात ओतानीच्या कोपरावर 'टॉमी जॉन या विख्यात शल्यविशारदांनी शोधलेली शस्त्रक्रिया' झाल्याचे म्हटले होते. टॉमी जॉन हे शल्यविशारद नव्हेत. ते डावखुरे पिचर होते, आणि ही शस्त्रक्रिया त्यांनी केली नाही, तर ती जगात सर्वप्रथम त्यांच्यावर झाली. ती करणारे डॉक्टर होते फ्रँक जोब. ही चूक एका ओळीच्या खुलाशाने दुरुस्त होण्यासारखी आहे हे मान्य आहे. तरीही हे लांबलचक पत्र लिहीत आहे, कारण नोकरीनिमित्त अमेरिकेत काढलेल्या वर्षांत तिथल्या लोकांकडूनही हीच चूक मी अनेकदा ऐकली. ज्याचे नाव बेसबॉलच्या बातम्यांत रोज उच्चारले जाते, त्या माणसाचे चरित्र त्याच नावाखाली गाडले गेले आहे.

टॉमी जॉन यांचा जन्म 22 मे 1943 रोजी इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावी झाला. शाळेत असताना ते बास्केटबॉलही उत्तम खेळत. 1961 मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने त्यांना करारबद्ध केले आणि सप्टेंबर 1963 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते पहिला मोठा सामना खेळले. 1965 ते 1971 ही सात वर्षे त्यांनी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात काढली आणि 1972 पासून ते लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघात आले. चेंडूचा वेग हे त्यांचे भांडवल कधीच नव्हते. त्यांचे हुकमी अस्त्र म्हणजे सिंकर, म्हणजे फलंदाजापर्यंत सरळ येत आहे असे भासवून ऐन वेळी खाली बसणारा चेंडू. फलंदाज तो मारायला जातो, बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते आणि चेंडू हवेत न उडता जमिनीवरून सरपटत क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो. आपल्याकडच्या जुन्या फिरकी गोलंदाजांप्रमाणे हा माणूस फलंदाजाच्या चुकीवर जगत होता, आणि ती चूक तो अगदी ठरवून करवून घेत होता.

पिचरच्या कामाची कल्पना नसलेल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो. पिचर 60 फूट 6 इंचांवरून, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट कमी अंतरावरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. त्याला धावत येण्याची मुभा नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून, एक पाऊल टाकून सगळा वेग निर्माण करावा लागतो. क्रिकेटमध्ये कोपर फेकताना सरळ करण्यावर बंधन आहे, त्यामुळे वेगवान गोलंदाजाचे दुखणे बहुतेक वेळा पाठीच्या खालच्या भागात निघते. जसप्रीत बुमराहला 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, ती त्याच जातकुळीची. बेसबॉलमध्ये कोपर वाकवूनच फेकायचे असते. त्या क्षणी खांद्यात हात सेकंदाला 7,000 अंशांच्या आसपास वेगाने फिरतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला असा ताण येतो की तिथला अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, एकटा तो सोसू शकत नाही. भोवतालचे स्नायू वाटा उचलतात म्हणून तो टिकतो. कोपराचे दुखणे म्हटले की मराठी वाचकाला सचिन तेंडुलकरचे 2004 सालचे 'टेनिस एल्बो' आठवेल. ते कोपराच्या बाहेरच्या बाजूचे होते. पिचरचे दुखणे आतल्या बाजूचे, आणि त्या काळात ते झाले म्हणजे माणसाने घरी जायचे, दुसरा उद्योग पाहायचा, एवढाच त्याचा अर्थ होता. डॉजर्सच्याच सँडी कोफॅक्स या अफाट पिचरने 1966 च्या हंगामात 27 सामने जिंकले आणि त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, सांधेदुखीने जर्जर झालेले कोपर घेऊन निवृत्ती स्वीकारली. त्याचे दुखणे वेगळे होते, पण वैद्यकशास्त्र हात टेकते म्हणजे काय होते हे डॉजर्सच्या प्रेक्षकांनी तेव्हा पाहिले होते.

17 जुलै 1974 रोजी डॉजर्सच्या मैदानावर माँट्रियलच्या संघाविरुद्ध सामना चालू होता. जॉन यांचा तो आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम ठरण्याची चिन्हे होती; 13 विजय, फक्त 3 पराभव. (बेसबॉलमध्ये संघाच्या विजयाचे किंवा पराभवाचे खाते एका पिचरच्या नावावर लिहितात, म्हणून ही भाषा.) एक सिंकर टाकताना हातात काहीतरी तुटल्याची जाणीव झाली. त्यांनी आणखी एक चेंडू टाकून पाहिला आणि मग स्वतःच मैदानातून चालत बाहेर आले. विश्रांतीने काही फरक पडला नाही. अस्थिबंध पूर्णपणे फाटला होता.

डॉ. फ्रँक जोब हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या 101 व्या हवाई छत्री डिव्हिजनच्या वैद्यकीय विभागात काम केलेले गृहस्थ. पोलिओच्या रुग्णांत निकामी झालेल्या हातांना हालचाल मिळावी म्हणून शरीरातील एका जागेचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून दुसरीकडे जोडण्याचे तंत्र त्या काळी प्रचलित होते, आणि तेच कोपरात वापरता येईल का, असा विचार त्यांनी केला. 25 सप्टेंबर 1974 रोजी त्यांनी जॉन यांच्या उजव्या मनगटातील एक लांबट, बारीक कंडरा काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोके पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे तो त्यांतून ओवून घेतला. हा कंडरा बाजूला काढल्याने मनगटाच्या कामात फारसे उणे येत नाही. कित्येक माणसांत तो जन्मतःच नसतो. वाचकांनी अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवून पाहावे. मधोमध दोरीसारखा उठून दिसतो तो हाच. न दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही.

यशाची शक्यता किती, असे जॉन यांनी विचारले तेव्हा डॉक्टरांनी शंभरात एक असे उत्तर दिले होते. शस्त्रक्रिया न केल्यास ती शून्य होती. त्या दोन आकड्यांतला फरक जॉन यांना पुरेसा वाटला, आणि त्यांनी होकार दिला. या होकाराबद्दल अमेरिकेत बरेच भावुक लिहिले गेले आहे. मला त्यात एका व्यावसायिक माणसाचा रोकडा हिशेब दिसतो आणि म्हणूनच तो अधिक आवडतो.

यानंतरचा भाग सहसा कोणी सांगत नाही, कारण तो कंटाळवाणा आहे. शस्त्रक्रियेनंतर हाताची बोटे बधिर पडून पंजासारखी वळू लागली. कोपर चुकून कुठे आपटले की ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती नस दुखावली गेली होती. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. दुखावलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला तिला वर्ष लागणार, आणि तोवर बत्तीस वर्षांचा हा माणूस, ज्याला चेंडू हातात धरताही येत नव्हता, त्याने करायचे काय? त्याने वाट पाहिली आणि रोज थोडे थोडे चेंडू फेकत राहिला. 1975 चा संपूर्ण हंगाम बाहेर गेला. या काळात त्यांचा सहकारी पिचर माइक मार्शल याने त्यांना मदत केली. मार्शल हा शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यासक होता आणि 1974 च्या एकाच हंगामात तब्बल 106 सामन्यांत त्याने पिचिंग केले होते, हा विक्रम आजही अबाधित आहे. फेकताना पाऊल आणि शरीर कसे वळवावे याची वेगळी पद्धत त्याने जॉन यांना शिकवली. थोडक्यात, नवा अस्थिबंध डॉक्टरांनी बसवला, पण तो न तोडता कसा वापरायचा हे जॉन यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

16 एप्रिल 1976 रोजी अटलांटाविरुद्ध ते परतले. तो सामना ते हरले. त्या वर्षाचा हिशेब 10 विजय आणि 10 पराभव असा राहिला. पण त्यांनी 207 इनिंग टाकल्या होत्या (बेसबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाच्या साधारण नऊ छोट्या इनिंग असतात), आणि डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा तोच होता. 1977 मध्ये त्यांनी 20 सामने जिंकले. कारकिर्दीतला वीस विजयांचा तो पहिलाच हंगाम होता, आणि तोही उसन्या कंडऱ्यावर. त्याच वर्षी फिलाडेल्फियाविरुद्ध भर पावसात अखेरपर्यंत पिचिंग करून त्यांनी डॉजर्सना वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, नेले. 1979 मध्ये ते न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडून खेळू लागले. तिथे पहिल्या वर्षी 21 आणि दुसऱ्या वर्षी 22 विजय.

वर्ल्ड सिरीज मात्र त्यांच्या नशिबी नव्हती. 1977 आणि 1978 मध्ये ते डॉजर्सकडून खेळले आणि दोन्ही वेळा यँकीजकडून हरले. 1981 मध्ये ते यँकीजकडून खेळले आणि डॉजर्सकडून हरले. या शेवटच्या मालिकेतील सहाव्या सामन्यात धावसंख्या 1-1 अशी बरोबरीत असताना, चौथ्या इनिंगमध्येच, यँकीजच्या व्यवस्थापकाने त्यांच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला. त्या काळच्या त्या मालिकेच्या नियमांनुसार पिचरलाही फलंदाजी करावी लागे, आणि एकदा बदली दिली की मूळ खेळाडू परत येऊ शकत नसे. बदली फलंदाज झेलबाद झाला, नव्या पिचरला पुढच्याच इनिंगमध्ये मार बसला आणि यँकीज 9-2 असे हरले. सामना पाहिलेले जुने लोक या निर्णयाविषयी आजही तावातावाने बोलतात. मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

पुढची आठ वर्षे कॅलिफोर्निया, ओकलंड आणि पुन्हा न्यूयॉर्क अशी गेली. 1988 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, एकाच चेंडूवर त्यांच्या हातून लागोपाठ तीन चुका झाल्या. सरपटत आलेला चेंडू हातातून सुटला, मग तो पहिल्या बेसकडे फेकताना भलतीकडे गेला, आणि परत आलेला चेंडू मधेच अडवून त्यांनी होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, फेकला तोही चुकला. त्यांच्या संघाने तो सामना तरीही 16-3 असा जिंकला, ही गोष्ट वेगळी. मार्क मॅग्वायर या धिप्पाड फलंदाजाचे वडील दंतवैद्य होते आणि जॉन त्यांच्याकडे दात दाखवायला जात; पुढे त्याच मुलाने आपल्याला होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला, तेव्हा निवृत्तीची वेळ आल्याचे कळले, असे ते गमतीने सांगत. त्यांचा शेवटचा सामना 25 मे 1989 चा. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची 46 वर्षे पूर्ण केली होती. एकूण 26 हंगाम, 700 सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरणे, 288 विजय. त्यांपैकी 124 शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि 164 नंतरचे.

शेवटच्या दोन आकड्यांकडे पाहून आज एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तो आहे. शस्त्रक्रियेनंतर माणूस आधीपेक्षा चांगला पिचर होतो, अशी समजूत अमेरिकेत पालक आणि शालेय खेळाडूंत पसरली आहे. चेंडूचा वेग वाढावा म्हणून धडधाकट कोपरावर ही शस्त्रक्रिया करून द्या, अशी विचारणा होत असल्याचे तिथल्या शल्यविशारदांनी वारंवार सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी की नवा कंडरा वेग देत नाही. वेग वाढल्यासारखा वाटतो तो वर्षभराच्या सक्तीच्या व्यायामाने, आणि तो व्यायाम कोपर न कापताही करता येतो. शिवाय या शस्त्रक्रियेचा पहिला रुग्ण 164 सामने जिंकला हे सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही. दुसरा रुग्ण ब्रेंट स्ट्रॉम नावाचा पिचर होता. 1978 मध्ये त्याच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो मोठ्या साखळीत, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल 'मेजर लीग'मध्ये, एकही सामना खेळू शकला नाही. पुढे तो पिचरांचा नामांकित प्रशिक्षक झाला, हे त्याचे कर्तृत्व. त्यात कोपराचा वाटा नाही.

आज मोठ्या साखळीतील सुमारे एक तृतीयांश पिचरांच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झालेली आहे. त्याची कारणे शोधण्यासाठी बेसबॉलच्या व्यवस्थापनाने केलेल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोट ठेवले गेले ते वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी टाकण्याच्या सवयीवर. फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी सुमारे 147 किलोमीटर होता, तो 2024 मध्ये 151 किलोमीटरच्या पुढे गेला. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मुलांची आहे. 2007 ते 2011 या काळातील अमेरिकेतल्या नोंदींच्या एका अभ्यासात असे दिसले की ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण 15 ते 19 वर्षांचे होते. आता तिथे वयानुसार चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे. 9-10 वर्षांच्या मुलाने दिवसाला 75 आणि 17-18 वर्षांच्या मुलाने 105 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि त्यानंतर ठरावीक दिवस हाताला विश्रांती द्यावी. पण मूल एकाच हंगामात दोन-दोन संघांकडून आणि वर्षाचे बाराही महिने खेळत असेल, तर चेंडू मोजणार कोण? लहान मुलांच्या कोपरावर आपल्या नावाची शस्त्रक्रिया होते याबद्दल खुद्द जॉन यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. स्वतः शाळकरी वयात ते थंडीत बास्केटबॉल खेळत आणि हाताला आपोआप विश्रांती मिळे.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शालेय स्पर्धांतून महाराष्ट्रातील मुलेमुली बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळतात, भालाफेकीकडे वळणाऱ्यांचीही कमतरता नाही, आणि नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली ती मुंबईतच. त्याचे दुखणे अस्थिबंधाचे नव्हते, तरी कोपर तेच आणि त्यावर भार टाकणारी फेकही त्याच घराण्यातली. तेव्हा 'टॉमी जॉन' हे शब्द यापुढेही आपल्या पानांवर येत राहतील. ओतानीच्या बाबतीतच पाहा. त्याच्या कोपरावर पहिली शस्त्रक्रिया 2018 मध्ये झाली आणि दुसरी 2023 मध्ये. 2024 चा अख्खा हंगाम तो केवळ फलंदाज म्हणून खेळला आणि पिचर म्हणून जून 2025 मध्ये परतला. इतकी साधनसामग्री आणि इतके डॉक्टर दिमतीला असूनही दुसऱ्या खेपेला पावणेदोन वर्षांच्या आसपास काळ लागलाच.

राहता राहिला सन्मानाचा प्रश्न. कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात, प्रवेशासाठी पत्रकारांच्या मतदानात 75 टक्के मते लागतात. जॉन यांचे नाव पंधरा वर्षे मतपत्रिकेवर होते आणि 2009 साली, शेवटच्या खेपेला, त्यांना सर्वाधिक म्हणजे 31.7 टक्के मते पडली. तीनशे विजय झाले असते तर कदाचित कोणी हरकत घेतली नसती. बारा कमी पडले. 1974 चा अर्धा आणि 1975 चा पूर्ण हंगाम त्यांनी शस्त्रक्रियेच्या पहिल्या प्रयोगासाठी खर्ची घातला, त्यात हे बारा विजय सहज बसले असते असे माझे मत आहे. डॉ. जोब यांचा 2013 मध्ये कूपर्सटाउनच्या समारंभात गौरव झाला आणि 2014 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याच्या हातावर तो प्रयोग झाला, तो मात्र आता वयाची ऐंशी ओलांडूनही दाराबाहेरच आहे.

आपणास विनंती एवढीच, की यापुढे अशी बातमी छापताना 'टॉमी जॉन यांच्यावर 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम केलेली शस्त्रक्रिया' असे लिहावे. ओळ थोडी लांब होईल, पण दोघांची नावे आपापल्या जागी राहतील.

आपला नियमित वाचक,
पुणे